मॅरिलिन मन्रो

मॅरिलिन मन्रो (जन्मनाव: नॉर्मा जीन मॉर्टेन्सन; १ जून १९२६ – ४ ऑगस्ट १९६२) ह्या अमेरिकन चित्रपट अभिनेत्री, गायिका आणि मॉडेल होत्या. १९५० च्या दशकातील हॉलीवूडच्या सर्वाधिक लोकप्रिय तारकांमध्ये त्यांची गणना होते. जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स, द सेव्हन इयर इच, बस स्टॉप आणि सम लाइक इट हॉट हे त्यांचे विशेष गाजलेले चित्रपट होत. सोनेरी केसांची, भोळी आणि मादक तरुणी ही त्यांची पडद्यावरील प्रतिमा जगभर रूढ झाली. ह्या प्रतिमेने त्यांना अमाप प्रसिद्धी मिळवून दिली. मात्र तिच्या चौकटीबाहेर पडून गंभीर अभिनेत्री म्हणून मान्यता मिळवण्यासाठी त्यांना अखेरपर्यंत झगडावे लागले. वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जन्म व बालपण

मन्रो यांचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलस येथे झाला. त्यांची आई ग्लॅडिस ह्या एका फिल्म प्रयोगशाळेत चित्रफितींचे तुकडे कापण्याचे व जोडण्याचे काम करीत. वडिलांची ओळख मन्रो यांच्या हयातीत अधिकृतपणे कधीच सिद्ध झाली नाही. ग्लॅडिस यांचे सहकारी चार्ल्स स्टॅन्ली गिफर्ड हेच त्यांचे वडील असल्याचे २०२२ मध्ये जनुकीय चाचणीतून स्पष्ट झाले. आईच्या पहिल्या विवाहातून झालेली दोन भावंडे वडिलांकडे वाढत होती. आपल्याला एक थोरली सावत्र बहीण आहे, हे मन्रो यांना वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास कळले.

ग्लॅडिस यांची आर्थिक व मानसिक स्थिती मूल वाढवण्याजोगी नव्हती. त्यामुळे जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाळाला हॉथॉर्न ह्या गावातील बोलेंडर नावाच्या धर्मनिष्ठ ख्रिस्ती कुटुंबाकडे सांभाळण्यासाठी ठेवण्यात आले. १९३३ मध्ये ग्लॅडिस यांनी हॉलीवूडमध्ये छोटे घर घेऊन मुलीला जवळ आणले. तथापि, १९३४ च्या आरंभी त्यांना तीव्र मनोविकाराचा झटका आला. त्यांना स्किझोफ्रेनिया झाल्याचे निदान झाले आणि पुढील आयुष्याचा बराचसा काळ त्यांनी मनोरुग्णालयांत काढला. मायलेकींचा सहवास असा काही महिन्यांतच संपला.

ह्यानंतर आईची मैत्रीण ग्रेस हिने मुलीचे पालकत्व स्वीकारले. परंतु सप्टेंबर १९३५ मध्ये नॉर्मा जीन यांना लॉस एंजेलसमधील अनाथाश्रमात दाखल करावे लागले व १९३७ पर्यंत त्या तेथे राहिल्या. आई हयात असताना आपण अनाथाश्रमात का, हा प्रश्न त्यांच्या मनात कायम राहिला. नंतरच्या काळात निरनिराळ्या घरांत राहताना आपले लैंगिक शोषण झाल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. ह्या वयात त्या अबोल बनल्या आणि बोलताना अडखळू लागल्या. १९३८ मध्ये ग्रेस यांच्या आत्या आना लोअर यांच्या घरी त्यांना काही काळ मायेचा आधार लाभला. मोकळ्या वेळेत त्यांना चित्रपटगृहात पाठवले जाई. तेथे तासन्‌तास बसून चित्रपट पाहताना त्यांच्या मनात अभिनेत्री होण्याची इच्छा रुजली.

पहिला विवाह व मॉडेलिंग

१९४२ मध्ये ग्रेस यांचे कुटुंब वेस्ट व्हर्जिनिया राज्यात स्थलांतरित होणार होते. कायद्यानुसार नॉर्मा जीन यांना राज्याबाहेर नेणे शक्य नव्हते व त्यांना पुन्हा अनाथाश्रमात जावे लागण्याची वेळ आली. त्यावर तोडगा म्हणून सोळावे वर्ष पूर्ण होताच १९ जून १९४२ रोजी शेजारी राहणाऱ्या २१ वर्षीय जेम्स डॉहर्टी यांच्याशी त्यांचा विवाह लावून देण्यात आला. त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले. १९४३ मध्ये डॉहर्टी व्यापारी नौदलात दाखल झाले आणि पुढील वर्षी त्यांची रवानगी प्रशांत महासागरात झाली. पतीच्या अनुपस्थितीत नॉर्मा जीन व्हॅन नाइझ येथील रेडिओप्लेन ह्या युद्धसामग्रीच्या कारखान्यात कामाला लागल्या.

१९४४ च्या अखेरीस ह्या कारखान्यातील महिला कामगारांची छायाचित्रे काढण्यासाठी लष्कराच्या चित्रपट विभागाने डेव्हिड कॉनोव्हर ह्या छायाचित्रकाराला पाठवले होते. सैनिकांचे मनोबल वाढवणे हा त्या छायाचित्रांचा हेतू होता. कॉनोव्हर यांना नॉर्मा जीन यांच्यातील गुण जाणवले. जानेवारी १९४५ मध्ये कारखान्याची नोकरी सोडून त्यांनी मॉडेलिंग सुरू केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लू बुक मॉडेल एजन्सीशी करार केला. अधिक कामे मिळावीत म्हणून त्यांनी आपले मूळचे कुरळे तपकिरी केस सरळ करून सोनेरी रंगवून घेतले. प्रत्येक छायाचित्रातील स्वतःच्या चुका त्या बारकाईने तपासत आणि प्रकाशयोजनेविषयी छायाचित्रकारांना प्रश्न विचारीत. १९४६ च्या आरंभापर्यंत त्यांची छबी ३३ नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली होती. पत्नीने हा व्यवसाय करणे डॉहर्टी यांना मान्य नव्हते. सप्टेंबर १९४६ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला.

चित्रपटसृष्टीत प्रवेश

ऑगस्ट १९४६ मध्ये ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्स ह्या कंपनीने त्यांच्याशी सहा महिन्यांचा करार केला. कंपनीचे अधिकारी बेन लायन यांनी ब्रॉडवेवरील अभिनेत्री मॅरिलिन मिलर यांच्यावरून ‘मॅरिलिन’ हे नाव सुचवले, तर ‘मन्रो’ हे आडनाव त्यांच्या आईच्या माहेरचे होते. आरंभीच्या दोन चित्रपटांत त्यांच्या वाट्याला अगदी किरकोळ भूमिका आल्या व १९४७ मध्ये फॉक्सने कराराचे नूतनीकरण केले नाही. १९४८ मध्ये कोलंबिया पिक्चर्सच्या लेडीज ऑफ द कोरस ह्या संगीतप्रधान चित्रपटात त्यांना पहिली मोठी भूमिका मिळाली, पण तो करारही पुढे चालू राहिला नाही. ह्याच सुमारास नाट्यप्रशिक्षक नताशा लायटेस यांच्याकडे त्यांनी अभिनयाचे धडे घेण्यास प्रारंभ केला.

१९४९ मध्ये पैशांची निकड असताना त्यांनी छायाचित्रकार टॉम केली यांच्यासाठी विवस्त्र छायाचित्रे दिली. त्यांचा मोबदला ५० डॉलर होता. त्यानंतर प्रभावशाली प्रतिनिधी जॉनी हाइड यांनी मन्रो यांची जबाबदारी घेतली. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९५० मध्ये जॉन ह्यूस्टन यांच्या द अस्फाल्ट जंगल आणि जोसेफ मॅन्किविझ यांच्या ऑल अबाउट ईव्ह ह्या दोन महत्त्वाच्या चित्रपटांत त्यांना छोट्या पण लक्षवेधी भूमिका मिळाल्या. डिसेंबर १९५० मध्ये हाइड यांनी फॉक्सबरोबर सात वर्षांच्या कराराची बोलणी पूर्ण केली. त्यानंतर काही दिवसांतच हृदयविकाराने हाइड यांचे निधन झाले.

मार्च १९५२ मध्ये, एका दिनदर्शिकेवर छापल्या गेलेल्या विवस्त्र छायाचित्रांतील तरुणी मन्रो याच असल्याचे उघड झाले. त्या काळातील संकेतांनुसार अशा बातमीने अभिनेत्रीची कारकीर्द संपुष्टात येणे स्वाभाविक होते. मन्रो यांनी मात्र गोष्ट लपवली नाही. त्या वेळी आपल्याकडे पैसे नव्हते, असे त्यांनी सरळ सांगून टाकले. ह्या प्रामाणिकपणामुळे जनमत त्यांच्या बाजूने झुकले आणि पुढच्याच महिन्यात लाइफ ह्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र आले. ह्या छायाचित्रांपैकीच एक डिसेंबर १९५३ मध्ये प्लेबॉय मासिकाच्या पहिल्या अंकात छापण्यात आले. त्यासाठी मन्रो यांची परवानगी घेण्यात आली नव्हती.

तारकापद

१९५३ हे वर्ष मन्रो यांच्या कारकिर्दीला कलाटणी देणारे ठरले. नायगारा ह्या चित्रपटात त्यांनी पतीच्या हत्येचा कट रचणाऱ्या स्त्रीची भूमिका केली. त्यापाठोपाठ हॉवर्ड हॉक्स दिग्दर्शित जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स हा संगीतमय विनोदी चित्रपट प्रदर्शित झाला. गुलाबी पोशाखात त्यांनी सादर केलेले हिऱ्यांविषयीचे गीत हॉलीवूडच्या सर्वाधिक अनुकरण झालेल्या प्रसंगांपैकी एक आहे. जून महिन्यात सहनायिका जेन रसेल यांच्यासह हॉलीवूडमधील ग्रॉमन्स चायनीज थिएटरच्या प्रांगणात त्यांच्या हातापायांचे ठसे घेण्यात आले. वर्षअखेरीस आलेला हाउ टू मॅरी अ मिलियनेअर हा चित्रपटही यशस्वी झाला.

यश मिळाले तरी करार जुनाच होता. त्यामुळे मन्रो यांना ठरलेला आठवड्याचा पगार मिळे आणि सहकलाकारांच्या मानाने तो फारच थोडा होता. कोणता चित्रपट करायचा हे ठरवण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. एकाच साच्यातील भूमिकांना कंटाळून त्यांनी द गर्ल इन पिंक टाइट्स ह्या चित्रपटात काम करण्यास नकार दिला, तेव्हा जानेवारी १९५४ मध्ये फॉक्सने त्यांना निलंबित केले.

१४ जानेवारी १९५४ रोजी सान फ्रान्सिस्को येथे प्रख्यात बेसबॉलपटू जो डिमाजिओ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे दांपत्य जपानला गेले असता मन्रो तेथून कोरियाला गेल्या. तेथील अमेरिकी सैनिकांच्या तळांवर त्यांनी चार दिवस गाण्यांचे कार्यक्रम केले. कडाक्याच्या थंडीत, उघड्या रंगमंचावर हजारो सैनिकांसमोर गाण्याचा हा अनुभव त्यांना फार मोलाचा वाटला.

सप्टेंबर १९५४ मध्ये बिली वाइल्डर यांच्या द सेव्हन इयर इच ह्या चित्रपटासाठी न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर रात्री चित्रीकरण झाले. भुयारी रेल्वेच्या जाळीतून येणाऱ्या वाऱ्याने त्यांचा पांढरा झगा उडतो, असे ते दृश्य होते. ते पाहण्यासाठी सुमारे दोन हजार लोक आणि अनेक छायाचित्रकार जमले. मन्रो यांचे हे छायाचित्र विसाव्या शतकातील सर्वपरिचित छायाचित्रांपैकी एक बनले. मात्र तेथे उपस्थित असलेले डिमाजिओ ह्या प्रकाराने संतप्त झाले. त्यांचा ताबा गाजवण्याचा स्वभाव व संशयी वृत्ती यांमुळे विवाह आधीच अडचणीत आला होता. विवाहानंतर नऊ महिन्यांतच मन्रो यांनी घटस्फोटासाठी अर्ज केला.

स्वतःची निर्मितीसंस्था व अभिनयाचे शिक्षण

लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच मन्रो हॉलीवूड सोडून न्यूयॉर्कला गेल्या. छायाचित्रकार मिल्टन ग्रीन यांच्या भागीदारीत त्यांनी मॅरिलिन मन्रो प्रॉडक्शन्स ही स्वतःची निर्मितीसंस्था काढली. जानेवारी १९५५ मध्ये तिची घोषणा झाली. त्या काळी मोठ्या चित्रपट कंपन्या कलाकारांना दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधून ठेवत. एका अभिनेत्रीने अशा कंपनीला आव्हान द्यावे, ही असाधारण घटना होती. वृत्तपत्रांनी त्यांची खिल्ली उडवली. उत्तम भूमिका करण्याची त्यांची महत्त्वाकांक्षा हा विनोदाचा विषय झाला.

ह्या वर्षभरात त्यांनी ली स्ट्रासबर्ग यांच्या अ‍ॅक्टर्स स्टुडिओमध्ये अभिनयाच्या वर्गांना हजेरी लावली. स्वतःच्या आठवणी व भावना यांतून भूमिका उभी करण्याची ही पद्धत त्यांना जवळची वाटली. स्ट्रासबर्ग यांच्या सूचनेवरून त्यांनी मनोविश्लेषणाचे उपचारही सुरू केले. वाचनाची आवड त्यांना पूर्वीपासूनच होती. त्यांच्या संग्रहात सुमारे ४०० पुस्तके होती. त्या कविता आणि टिपणेही लिहीत. ह्या लेखनाची निवड २०१० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

द सेव्हन इयर इच मोठ्या प्रमाणावर यशस्वी ठरल्याने फॉक्सला नमते घ्यावे लागले. १९५५ च्या अखेरीस झालेल्या नव्या करारानुसार मन्रो यांनी सात वर्षांत फॉक्ससाठी चार चित्रपट करायचे होते व प्रत्येकासाठी त्यांना एक लाख डॉलर मिळणार होते. चित्रपट, दिग्दर्शक व छायालेखक यांच्या निवडीबाबतही त्यांना अधिकार मिळाला. ह्या कराराखालील पहिला चित्रपट बस स्टॉप (१९५६) हा होता. त्यातील सामान्य वकुबाच्या, थकलेल्या गायिकेच्या भूमिकेसाठी त्यांनी मुद्दाम साधे, विरलेले पोशाख निवडले आणि गाणेही जाणूनबुजून बेताचेच गायले. एरवी त्यांना गांभीर्याने न घेणाऱ्या समीक्षकांनी ह्या भूमिकेची प्रशंसा केली.

आर्थर मिलर यांच्याशी विवाह

जून १९५६ मध्ये मन्रो यांनी नाटककार आर्थर मिलर यांच्याशी विवाह केला व ज्यू धर्म स्वीकारला. अमेरिकेत त्या वेळी साम्यवाद्यांविरुद्ध मोहीम चालू होती. मिलर यांना प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे हजर राहावे लागले. त्यांच्याशी संबंध तोडावेत, असा सल्ला चित्रपट कंपनीकडून मिळूनही मन्रो त्यांच्या पाठीशी ठाम उभ्या राहिल्या. समितीच्या अवमानाबद्दल मिलर दोषी ठरले, परंतु १९५८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

मन्रो यांच्या निर्मितीसंस्थेचा पहिला स्वतंत्र चित्रपट द प्रिन्स अँड द शोगर्ल (१९५७) इंग्लंडमध्ये चित्रित झाला. त्याचे दिग्दर्शक व नायक लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्याशी त्यांचे मुळीच जमले नाही. ह्या भूमिकेबद्दल त्यांना इटलीचा दाविद दि दोनातेल्लो पुरस्कार मिळाला आणि बाफ्टा पुरस्कारासाठी नामांकनही झाले. ह्यानंतर त्यांनी अठरा महिने चित्रपटांपासून विश्रांती घेतली. मूल व्हावे अशी त्यांची तीव्र इच्छा होती. परंतु एंडोमेट्रिओसिस ह्या आजारामुळे त्या त्रस्त होत्या. १९५७ मध्ये गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा आणि पुढील वर्षी गर्भपात अशी संकटे त्यांच्यावर ओढवली.

बिली वाइल्डर यांच्या सम लाइक इट हॉट (१९५९) ह्या चित्रपटात त्यांनी स्त्रियांच्या वाद्यवृंदातील गायिका शुगर केन ही भूमिका केली. चित्रीकरणाच्या काळात त्यांचा उशीर, संवाद विसरणे आणि पुनःपुन्हा चित्रण करण्याचा आग्रह यांमुळे वाइल्डर व सहकलाकार वैतागले होते. पडद्यावर मात्र ह्या श्रमांचा मागमूसही दिसत नाही. विनोदी चित्रपटातील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोब पुरस्कार त्यांना ह्या भूमिकेसाठी मिळाला. ऑस्करचे नामांकन मात्र त्यांना कारकिर्दीत एकदाही लाभले नाही.

गायन

मन्रो यांनी आपल्या चित्रपटांतील बहुतेक गाणी स्वतःच गायली. जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्समधील काही उंच स्वरांपुरता मार्नी निक्सन यांचा आवाज वापरण्यात आला होता. त्यांचा आवाज फार मोठ्या पल्ल्याचा नव्हता. श्वासमिश्रित, हलका स्वर आणि शब्दांमागचा विनोद नेमका पोहोचवण्याची हातोटी ही त्यांच्या गायनाची बलस्थाने होती. रिव्हर ऑफ नो रिटर्न, देअर्स नो बिझनेस लाइक शो बिझनेस, सम लाइक इट हॉट व लेट्स मेक लव्ह ह्या चित्रपटांतील त्यांची गाणी लोकप्रिय झाली. ख्यातनाम जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड यांच्या गाण्याचा त्या अभ्यास करीत. हॉलीवूडच्या मोकॅम्बो ह्या क्लबमध्ये फिट्झजेराल्ड यांना कार्यक्रम मिळावा म्हणून त्यांनी आपले वजन खर्च केले होते.

अखेरची वर्षे

द मिसफिट्स (१९६१) हा मन्रो यांचा पूर्ण झालेला अखेरचा चित्रपट होय. त्याची पटकथा मिलर यांनी त्यांच्यासाठी लिहिली होती. नेवाडाच्या वाळवंटात त्याचे चित्रीकरण होत असताना त्यांचा संसार मोडकळीस आला होता. झोपेच्या औषधांवरील त्यांचे अवलंबित्व इतके वाढले होते की, उपचारांसाठी काही दिवस काम थांबवावे लागले. चित्रीकरण संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत नायक क्लार्क गेबल यांचे निधन झाले. जानेवारी १९६१ मध्ये मन्रो व मिलर यांचा घटस्फोट झाला. फेब्रुवारीत त्यांना न्यूयॉर्कच्या एका मनोरुग्णालयात बंद खोलीत ठेवण्यात आले. आईप्रमाणे आपलीही गत होईल, ही भीती त्यांना आयुष्यभर वाटत आली होती. डिमाजिओ यांनी धाव घेऊन त्यांची तेथून सुटका केली आणि पुढे हे दोघे पुन्हा चांगले मित्र झाले.

१९६२ मध्ये त्यांनी लॉस एंजेलसच्या ब्रेंटवुड भागात घर घेतले. त्यांच्या मालकीचे हे पहिलेच स्वतंत्र घर होते. समथिंग्ज गॉट टू गिव्ह ह्या चित्रपटाच्या चित्रीकरणाला आजारपणामुळे त्या अनेकदा अनुपस्थित राहिल्या. १९ मे रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या वाढदिवसाच्या समारंभात त्यांनी शुभेच्छागीत गायले. ७ जून रोजी फॉक्सने त्यांना चित्रपटातून काढून टाकले व नुकसानभरपाईचा दावा लावला. थोड्याच काळात कंपनीने त्यांना परत घेण्याविषयी बोलणी सुरू केली, पण चित्रपट अपूर्णच राहिला.

मृत्यू

४ ऑगस्ट १९६२ रोजी रात्री ब्रेंटवुड येथील घरी मन्रो यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे ही घटना उघडकीस आली. झोपेच्या औषधांची विषबाधा हे मृत्यूचे कारण नोंदवण्यात आले आणि तपास अधिकाऱ्यांनी ही संभाव्य आत्महत्या असल्याचा निष्कर्ष काढला. ह्या मृत्यूविषयी हत्येचे अनेक तर्ककुतर्क पुढे आले. १९८२ मध्ये लॉस एंजेलसच्या सरकारी वकिलांनी प्रकरणाचा फेरआढावा घेतला, तेव्हा हत्येला पुष्टी देणारा पुरावा आढळला नाही. ८ ऑगस्ट रोजी डिमाजिओ यांच्या व्यवस्थेखाली वेस्टवुड येथील दफनभूमीत मोजक्या लोकांच्या उपस्थितीत अंत्यविधी झाला. पुढील वीस वर्षे डिमाजिओ यांच्याकडून त्यांच्या थडग्यावर नियमितपणे गुलाब पाठवले जात होते. आपल्या मृत्युपत्रात मन्रो यांनी आईच्या देखभालीची तरतूद केली होती. ग्लॅडिस १९८४ पर्यंत हयात होत्या.

प्रभाव व वारसा

मन्रो यांच्या मृत्यूनंतर लगेचच चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी नायगारा चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेल्या छायाचित्रावरून त्यांची चित्रमालिका तयार केली. ह्या विषयावरील त्यांच्या एका चित्राला २०२२ च्या लिलावात १९.५ कोटी डॉलर इतकी किंमत मिळाली. केनेडी यांच्या समारंभात मन्रो यांनी घातलेला पोशाख २०१६ मध्ये ४८ लाख डॉलरना विकला गेला. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ मध्ये तयार केलेल्या श्रेष्ठ अभिनेत्रींच्या यादीत त्यांना सहावे स्थान देण्यात आले. ब्रेंटवुड येथील घर पाडण्याचा प्रस्ताव पुढे आल्यावर २०२४ मध्ये लॉस एंजेलस नगर परिषदेने त्यास ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

त्यांच्या जीवनावर शेकडो पुस्तके, तसेच नाटके व चित्रपट निघाले. आरंभीच्या लेखनात त्यांचे वर्णन प्रामुख्याने सौंदर्यवती किंवा परिस्थितीची बळी असे केले जाई. १९८० च्या दशकापासून स्त्रीवादी लेखिका व चित्रपट-अभ्यासकांनी त्यांची निर्मितीसंस्था, वेतनासाठीचा लढा आणि विनोदी अभिनयातील कौशल्य यांकडे लक्ष वेधले. भोळ्या तरुणीची जी भूमिका त्यांचा स्वभाव समजली गेली, ती विचारपूर्वक घडवलेली कलाकृती होती, असे मत आज अनेक अभ्यासक मांडतात.

निवडक चित्रपट

१९५० – द अस्फाल्ट जंगल
१९५० – ऑल अबाउट ईव्ह
१९५२ – डोन्ट बॉदर टू नॉक
१९५३ – नायगारा
१९५३ – जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स
१९५३ – हाउ टू मॅरी अ मिलियनेअर
१९५४ – रिव्हर ऑफ नो रिटर्न
१९५५ – द सेव्हन इयर इच
१९५६ – बस स्टॉप
१९५७ – द प्रिन्स अँड द शोगर्ल
१९५९ – सम लाइक इट हॉट
१९६० – लेट्स मेक लव्ह
१९६१ – द मिसफिट्स